प्राचीन इजिप्तची ओळख : पहिले पुस्तक कोणते?

प्राचीन इजिप्तविषयी कुतूहल नाही असा वाचक विरळा. शालेय पुस्तकातील पिरॅमिडचे चित्र, एखादा चित्रपट, संग्रहालयातील काचेच्या पेटीत पाहिलेली ममी यांपैकी कशाने तरी ते जागे होते आणि मग पुस्तकाचा शोध सुरू होतो. पहिली अडचण येथेच येते. हाती लागते ते पुस्तक बहुधा पारखून घेतलेले नसते. स्वस्त असते किंवा महाजालावर विनामूल्य मिळते म्हणून घेतलेले असते. आणि जे विनामूल्य मिळते ते सामान्यतः शंभर वर्षांपूर्वीचे असते, कारण त्यावरील स्वामित्वहक्काची मुदत संपलेली असते.

जुने पुस्तक वाचण्यात दोष नाही. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास आज कोणी वाचायला घेतला, तर त्याच्या उणिवा दाखवणारे राजवाडे आणि सरदेसाई मराठी वाचकाला परके नाहीत. इजिप्तच्या बाबतीत अशी दुरुस्ती करणारे दुसरे पुस्तक आपल्याकडील वाचकाच्या घरी सहसा नसते. पहिले वाचले तेच शेवटचे ठरते आणि त्यातील चित्र आयुष्यभर मनात राहते: चाबकाखाली दगड ओढणारे गुलाम, थडग्यातील शाप, मरणाच्या विचाराने झपाटलेला एक गूढ समाज. गेल्या काही दशकांतील उत्खननांनी आणि वाचनांनी हे चित्र पुष्कळ बदलले आहे. म्हणून या विषयावरील पुस्तक उचलताना शीर्षकाच्याही आधी त्याचे प्रकाशनवर्ष पाहावे.

सर्वत्र मिळणारा बज

स्वस्त पुनर्मुद्रणांत सर्वाधिक आढळणारे नाव ई. ए. वॉलिस बज यांचे आहे. १८९४ ते १९२४ अशी तीस वर्षे ते ब्रिटिश म्युझियमच्या इजिप्त विभागाचे प्रमुख होते. त्यांचा उद्योग अचाट होता. देवदेवता, जादू, कोश, व्याकरण, प्रवास असा एकही विषय त्यांनी सोडला नाही. १८८८ मध्ये त्यांनी लक्सर येथे ‘आनी’ नावाच्या लेखनिकाची सुमारे २४ मीटर लांबीची पपायरसची गुंडाळी मिळवली, अधिकाऱ्यांची नजर चुकवून ती लंडनला नेली आणि हा पराक्रम पुढे आठवणींत रंगवून सांगितला. ही गुंडाळी नंतर कापून तिचे ३७ तुकडे करण्यात आले. १८९५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले तिचे भाषांतर ‘बुक ऑफ द डेड’ या नावाने आजही पुस्तकांच्या दुकानांत मांडलेले असते.

हे भाषांतर झाले तेव्हा इजिप्ती भाषेच्या व्याकरणाचा पाया जर्मनीत आडोल्फ एर्मान आणि त्यांचे सहकारी घालत होते. बज यांनी त्या कामाकडे बरेचसे दुर्लक्ष केले. अॅलन गार्डिनर यांचे ‘इजिप्शियन ग्रामर’ १९२७ मध्ये आले, म्हणजे बज यांची मुख्य पुस्तके छापून झाल्यावर. परिणामी त्यांच्या पुस्तकांतील शब्दांचे उच्चार, वाक्यांचे अर्थ आणि देवतांविषयीची अनुमाने पुष्कळ ठिकाणी टाकाऊ झाली आहेत. अभ्यासकांत याविषयी दुमत नाही. तरीही दुकानातील फळीवर बजच आहेत, कारण त्यांच्यासाठी प्रकाशकाला कोणास मानधन द्यावे लागत नाही.

ज्यांना हाच ग्रंथ वाचायचा असेल त्यांनी आर. ओ. फॉकनर यांचे भाषांतर घ्यावे. आनीच्या पपायरसची रंगीत चित्रे आणि त्यांच्याखाली फॉकनर यांचा मजकूर अशी एक देखणी आवृत्ती १९९४ मध्ये निघाली. ‘मृतांचे पुस्तक’ हे नावही इजिप्ती लोकांनी दिलेले नाही. ते जर्मन विद्वान लेप्सियस यांनी १८४२ मध्ये रूढ केले. मूळ नावाचा अर्थ ‘दिवसा बाहेर येण्याचे मंत्र’ असा आहे. मेलेल्या माणसाने काळोखात अडकून राहू नये, सूर्याबरोबर पुन्हा उजेडात यावे, ही त्यामागची इच्छा. नावातील एवढा फरक ध्यानात घेतला तरी ‘मरणाने झपाटलेला समाज’ ही कल्पना डळमळू लागते.

गुलाम की वेठ?

प्रकाशनवर्ष का पाहावे, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे पिरॅमिडचे बांधकाम. हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इ. स. पू. पाचव्या शतकात इजिप्तला गेला होता. खुफूचा पिरॅमिड तेव्हाच दोन हजार वर्षांचा जुना होता. एक लाख माणसे तीन-तीन महिन्यांच्या पाळीने वीस वर्षे राबली, असे त्याने लिहून ठेवले. पुढे चित्रपटांनी त्यात चाबूक घातला. परग्रहावरून आलेल्यांनी हे काम केले, ही एरिख फॉन डॅनिकेन यांची कल्पना मराठीतही एके काळी चांगलीच लोकप्रिय झाली होती आणि अजून ती पुरती ओसरलेली नाही.

१९९० मध्ये गिझा येथे बांधकाम करणाऱ्यांच्याच कबरी सापडल्या. जवळच मार्क लेनर यांच्या पथकाने त्यांची वसाहत उकरून काढली: भाकरी भाजण्याच्या जागा, गोदामे, झोपण्याचे लांब ओटे, आणि गुरे-शेळ्या-मेंढ्यांची ढीगभर हाडे. मजुरांना मांस मिळत होते, आणि मेल्यावर राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत पुरले जाण्याचा मान मिळत होता. लेनर यांचे ‘द कम्प्लीट पिरॅमिड्स’ हे १९९७ चे सचित्र पुस्तक या सर्व शोधांची ओळख करून देते. पिरॅमिड या एका विषयावर एकच पुस्तक वाचायचे असेल तर हेच.

त्यातही एक गोष्ट नाही, कारण ती तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पिएर ताले यांना पपायरसचे तुकडे मिळाले. लिहिलेले याहून जुने पपायरस आजवर सापडलेले नाहीत. खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत मेरेर नावाचा एक मुकादम आपल्या तुकडीसह तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड होडीने गिझाला नेत होता आणि रोजच्या कामाची नोंद ठेवत होता. कोठून निघाले, रात्री कोठे मुक्काम केला, कोणत्या अधिकाऱ्याच्या हुकुमाने, किती धान्य आले, असा तो कोरडा रोजनामा आहे. जगातील सर्वांत चर्चिलेल्या इमारतीविषयी ती उभी राहत असताना लिहिलेला हा कागद ताले आणि लेनर यांनी ‘द रेड सी स्क्रोल्स’ या पुस्तकात सामान्य वाचकासाठी उलगडून दाखवला आहे. परग्रहवासीयांना वाहतुकीचा हिशेब ठेवण्यासाठी मेरेरची गरज पडली नसती.

‘गुलाम’ हा शब्द जातो, पण त्याच्या जागी ‘स्वेच्छेने आलेले भक्त’ आणून बसवणेही खरे नाही. राज्याने गावोगावांतून माणसे मागवली, त्यांना अन्न दिले, मुदत संपल्यावर परत पाठवले. यासाठी इंग्रजी लेखकांना दोन-तीन वाक्ये खर्चावी लागतात. मराठीत ‘वेठ’ हा एकच शब्द आहे, आणि आपल्याकडील गावगाड्याचा इतिहास वाचलेल्याला त्यातला जाच आणि त्यातली रीत दोन्ही समजतात.

प्रारंभ कोठून करावा

ज्याला या विषयाची काहीच माहिती नाही त्याने बार्बरा मर्ट्झ यांच्यापासून सुरुवात करावी. १९५२ मध्ये शिकागो विद्यापीठातून त्यांनी इजिप्तविद्येत डॉक्टरेट मिळवली. त्या काळी या क्षेत्रात स्त्रीला नोकरी मिळणे कठीण होते. त्यांना ती मिळाली नाही. मग त्यांनी सामान्य वाचकांसाठी दोन पुस्तके लिहिली: राजकीय इतिहास सांगणारे ‘टेम्पल्स, टूम्ब्ज अँड हायरोग्लिफ्स’ (१९६४) आणि दैनंदिन जीवनाचे ‘रेड लँड, ब्लॅक लँड’ (१९६६). पुढे एलिझाबेथ पीटर्स या टोपणनावाने इजिप्तमधील उत्खननांच्या पार्श्वभूमीवर त्यांनी रहस्यकादंबऱ्या लिहिल्या आणि त्याच अधिक खपल्या. विद्यापीठाचा तोटा झाला तो वाचकांचा लाभ ठरला, असे म्हणावे लागेल.

दोहोंपैकी ‘रेड लँड, ब्लॅक लँड’ आधी वाचावे. नाईलच्या पुराने आणलेल्या गाळाची काळी जमीन आणि तिच्या दोन्ही बाजूंचे तांबडे वाळवंट हा त्या देशाचा नकाशाच नव्हे, तर त्याची विचारसरणीही होती. मर्ट्झ घर, मूल, लग्न, कपडे, धंदे यांपासून सुरुवात करून थडग्यापर्यंत येतात. त्यांची लेखनशैली मिस्कील आहे. विद्वानांची भांडणे त्या दडवत नाहीत आणि जेथे केवळ तर्क आहे तेथे तो तर्क आहे असे सांगतात. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी दोन्ही पुस्तके सुधारली. घ्यायची ती या सुधारित आवृत्त्याच. तरीही मूळ मांडणी साठ वर्षांपूर्वीची आहे हे विसरू नये. मेरेरची भेट मर्ट्झ यांच्याकडे होणार नाही.

ज्यांना अगदी लहान पुस्तक हवे त्यांच्यासाठी इयन शॉ यांचे ‘एन्शंट इजिप्त : अ व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन’ (२००४) आहे. नार्मर राजाची कोरीव शिळा ही एकच वस्तू पुन्हा पुन्हा हाती घेऊन लेखक राज्यसंस्था, लेखन, धर्म, ओळख अशा विषयांकडे जातो. कल्पना उत्तम आहे, परंतु राजांचा क्रम डोक्यात नसलेला वाचक त्यात गोंधळतो. हे पुस्तक दुसरे म्हणून चांगले, पहिले म्हणून नव्हे. सलीमा इक्रम यांचे ‘एन्शंट इजिप्त : अॅन इंट्रोडक्शन’ (२०१०) या दृष्टीने अधिक सोयीचे आहे. लाहोरमध्ये जन्मलेल्या आणि कैरोतील अमेरिकन विद्यापीठात शिकवणाऱ्या इक्रम ममींच्या, विशेषतः प्राण्यांच्या ममींच्या, नावाजलेल्या अभ्यासक आहेत. भूगोल, संशोधनाचा इतिहास, कालक्रम, समाज आणि धर्म हे सारे त्या मोजक्या पानांत आणि भरपूर चित्रांसह बसवतात.

तीन हजार वर्षांचा घोळ

कोणतेही पुस्तक घेतले तरी नवख्या वाचकाला दोन गोष्टी छळतात, आणि पुस्तके त्यांविषयी पुरेसे बजावत नाहीत.

पहिली कालगणना. इजिप्ती लोकांना शालिवाहन शकासारखा अखंड चालणारा शक नव्हता. प्रत्येक राजा गादीवर आला की वर्षांची मोजणी एकपासून सुरू होई. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेक शकाची कल्पना करावी, पण तो प्रत्येक छत्रपतीबरोबर नव्याने सुरू होतो असे समजावे. आज वापरात असलेली तीस घराण्यांची विभागणी मानेथो या इजिप्ती पुरोहिताची आहे. त्याने ती इ. स. पू. तिसऱ्या शतकात ग्रीक भाषेत लिहिली. मूळ ग्रंथ नष्ट झाला असून इतरांनी घेतलेल्या उताऱ्यांतून तो कळतो. त्यामुळे दोन चांगल्या पुस्तकांत एकाच राजाच्या सनावळीत दहा-वीस वर्षांचा फरक दिसला, तर एक पुस्तक चुकले असे समजू नये. सर्वसाधारण चौकट अशी: इ. स. पू. ३१०० च्या सुमारास एकीकरण, २६८६ च्या सुमारास जुने राज्य, २०५५ च्या सुमारास मध्य राज्य, १५५० ते १०६९ नवे राज्य, आणि इ. स. पू. ३० मध्ये क्लिओपात्राचा मृत्यू. हा पल्ला किती लांब आहे हे दुसऱ्या रामसेसचा पुत्र खाएमवासेत याच्याकडे पाहून कळते. इ. स. पू. तेराव्या शतकात त्याने सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडची डागडुजी करून तेथे तसा लेख कोरला. तो पिरॅमिड त्याच्यासाठी अकराशे वर्षांपूर्वीचा होता. प्राचीन इजिप्ती लोकांनाही प्राचीन इजिप्त होता.

दुसरी अडचण नावांची. चित्रलिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे खरे उच्चार बहुतांशी हरवले आहेत. एका लेखकाचा खुफू तो दुसऱ्याचा चिऑप्स, अमेनहोतेप तोच अमेनोफिस, थुतमोस तोच तुथमोसिस. एक रूप इजिप्ती व्यंजनांवरून बांधलेले, दुसरे ग्रीकांनी ऐकून लिहिलेले. वाचायला बसताना शेजारी एक कागद ठेवून दोन्ही रूपे टिपून घेतल्यास पुष्कळ मनस्ताप वाचतो.

सलग इतिहासासाठी दोन ग्रंथ सुचवले जातात. इयन शॉ यांनी संपादित केलेला ‘ऑक्सफर्ड हिस्टरी ऑफ एन्शंट इजिप्त’ (२०००) अनेक तज्ज्ञांनी प्रकरणे वाटून लिहिला आहे. विश्वासार्ह आहे, परंतु काही प्रकरणे वाचनीय आणि काही केवळ अभ्यासकांसाठी. टोबी विल्किन्सन यांचा ‘द राइज अँड फॉल ऑफ एन्शंट इजिप्त’ (२०१०) एकहाती आहे आणि कादंबरीसारखा पुढे सरकतो. त्यांचा दृष्टिकोन उघड आहे: फेरोंच्या वैभवाखाली सक्ती, करवसुली आणि हिंसा होती, आणि सोन्याच्या मुखवट्याकडे पाहताना ती नजरेआड करू नये. पुस्तक निघाल्यानंतर काही महिन्यांतच कैरोच्या तहरीर चौकात आधुनिक इजिप्तची राजवट कोसळली, तेव्हा या मांडणीला अनपेक्षित धार आली. काही ठिकाणी विल्किन्सन आजचा हुकूमशहा फेरोच्या अंगावर चढवतात असे वाटते. पण भारावलेल्या पुस्तकांच्या गर्दीत असा एक आवाज असणे आवश्यकच आहे.

ज्याची पहिली भूक भागली आहे त्याने बॅरी केम्प यांच्या ‘एन्शंट इजिप्त : अॅनाटमी ऑफ अ सिव्हिलायझेशन’कडे वळावे. १९८९ चे हे पुस्तक लेखकाने २००६ आणि २०१८ मध्ये नव्याने घडवले. अमार्ना येथे अनेक दशके उत्खनन केलेल्या केम्प यांना राजांच्या यादीत रस नाही. कोठाराचे घनफळ काढून त्यात किती माणसांचे वर्षाचे धान्य मावेल, भाकरी आणि जवाची दारू या रूपात पगार कसा मोजला जाई, कारकुनांनी हे राज्य कसे पेलले, हे ते सांगतात. पुस्तक अवघड आहे. ते संपवल्यावर मात्र पिरॅमिडकडे पाहताना आधी त्यामागचे हिशेबनीस दिसू लागतात.

देर अल-मदिना

प्राचीन इजिप्ती माणूस प्रत्यक्ष भेटतो तो एका लहानशा गावात. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिमेस, डोंगराच्या बेचक्यात देर अल-मदिना आहे. राजांच्या दरीतील थडगी खोदणारे, रंगवणारे कारागीर येथे चारशेहून अधिक वर्षे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तटाच्या आत सुमारे सत्तर घरे. येथील पुष्कळ लोकांना लिहिता येत होते आणि पपायरस महाग असल्यामुळे ते खापरांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर लिहीत. असे हजारो तुकडे सापडले आहेत. बेर्नार ब्र्युयेर या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १९२२ पासून जवळजवळ तीस वर्षे हे गाव खणले. योगायोग असा की त्याच वर्षी डोंगरापलीकडे तुतनखामेनचे थडगे उघडले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले.

ब्रिटिश म्युझियममधील एका कपचीवर दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षातील गैरहजेरीचे पत्रक आहे. प्रत्येक कामगाराचे नाव, तारीख आणि वर लाल शाईत कारण: डोळे आले, विंचू चावला, दारू गाळायची होती, आईचे शव गुंडाळायचे होते. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी धान्याचे वाटप थकले तेव्हा हे कारागीर हत्यारे ठेवून तटाबाहेर पडले आणि राजांच्या स्मारकमंदिरांमागे जाऊन बसले. भूक आणि तहान यांमुळे आपण येथे आलो, अंगावर वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, राजाला कळवा, असे त्यांनी सांगितल्याची नोंद आज तुरिन येथे असलेल्या पपायरसात आहे. लेखी पुरावा असलेला हा जगातील सर्वांत जुना संप समजला जातो. त्यांना धान्य मिळाले, पुन्हा थकले, पुन्हा ते बसले.

त्याच काळात नौनाख्ते नावाच्या वृद्धेने साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केले. तिला आठ मुले होती. म्हातारपणी ज्यांनी आपल्याकडे पाहिले त्यांनाच आपले धन मिळेल, ज्यांनी पाहिले नाही त्यांना नाही, असे तिने स्पष्ट नोंदवले. वडिलांच्या वाट्याला ती हात लावू शकत नव्हती, पण स्वतःची मालमत्ता तिच्या स्वतःच्या इच्छेने देता येत होती. स्त्रीच्या मालकीहक्काविषयी यापेक्षा बोलका पुरावा शोधूनही मिळणार नाही. या विषयाचा विस्तार जॉयस टिल्डस्ली यांच्या ‘डॉटर्स ऑफ आयसिस’ (१९९४) मध्ये वाचता येतो.

या गावावर जॉन रोमर यांचे ‘एन्शंट लाइव्ह्ज’ (१९८४) हे गोष्टीसारखे वाचता येणारे पुस्तक आहे. त्यातील पानेब हा भांडखोर मुकादम कोणत्याही कादंबरीत शोभावा. मूळ खापरांचा मजकूरच वाचायचा असेल तर ए. जी. मॅक्डॉवेल यांचे ‘व्हिलेज लाइफ इन एन्शंट इजिप्त’ (१९९९) घ्यावे. धोब्याच्या याद्या आणि प्रेमगीते त्यात शेजारी शेजारी आहेत. मर्ट्झ यांच्यानंतर लगेच या दोहोंपैकी एक वाचले आणि पुढे काहीच वाचले नाही, तरी वाचकाच्या मनात गुलामांच्या रांगेऐवजी पगार थकल्याची तक्रार करणारा माणूस उभा राहील.

त्यांचेच शब्द

इजिप्तवर लिहिलेले वाचण्याबरोबर इजिप्ती लोकांनी लिहिलेलेही वाचावे. मिरियम लिख्टहाइम यांनी ‘एन्शंट इजिप्शियन लिटरेचर’ या नावाने तीन खंडांत (१९७३, १९७६, १९८०) केलेली भाषांतरे आजही प्रमाण मानली जातात. प्रत्येक रचनेआधी लहानशी प्रस्तावना आणि खाली टिपा असल्याने नवख्याला आधार मिळतो. केवळ एक स्वस्त पुस्तक हवे असेल तर विल्किन्सन यांचे ‘रायटिंग्ज फ्रॉम एन्शंट इजिप्त’ (२०१६) आहे.

प्रथम वाचावी ती वाक्चतुर शेतकऱ्याची कथा. गाढवांवर माल लादून निघालेल्या शेतकऱ्याच्या वाटेत एक लबाड माणूस कापड पसरतो. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस जवाचे शेत. गाढव तोंडभर जव खाते आणि त्या निमित्ताने लबाड माणूस सारी गाढवे जप्त करतो. शेतकरी अधिकाऱ्याकडे दाद मागतो. त्याचे बोलणे इतके सुंदर असते की ते राजाला ऐकवण्यासाठी मुद्दाम निकाल लांबवला जातो आणि त्याला नऊ वेळा गाऱ्हाणे मांडावे लागते. गुपचूप त्याच्या घरी धान्य पाठवले जाते, पण त्याला ते ठाऊक नसते. न्याय हवा असलेल्याची पायपीट हा ज्याच्यासाठी करमणुकीचा विषय असतो त्या व्यवस्थेचे हे चित्र चार हजार वर्षांपूर्वीचे आहे. लेखनिकाच्या शाळेत मुलाला सोडायला निघालेल्या बापाचा उपदेशही वाचनीय आहे. लोहार, कुंभार, परीट, कोळी अशा प्रत्येक धंद्यातील हाल तिखटमीठ लावून सांगत तो मुलाला कारकुनीचा मार्ग दाखवतो. आपल्याकडील अनेक घरांत हा संवाद आजही ऐकू येतो.

लिपी शिकण्याची हौस असणाऱ्यांना मार्क कोलियर आणि बिल मॅनली यांचे ‘हाउ टू रीड इजिप्शियन हायरोग्लिफ्स’ (१९९८) पुरते. ब्रिटिश म्युझियममधील खऱ्या शिळांवरील लेखच धडे म्हणून घेतल्यामुळे पहिल्या काही आठवड्यांतच राजाचे नाव आणि मृतासाठीच्या अर्पणाचा ठरीव मजकूर ओळखता येतो. शब्दांमध्ये जागा न सोडणारी, स्वरांची काटकसर करणारी ही लिपी मोडीचे कागद वाचलेल्यांना इतरांइतकी भयावह वाटणार नाही.

तुतनखामेनवर पुस्तकांचा पूर आहे. हॉवर्ड कार्टर यांनी १९२३ ते १९३३ या काळात तीन खंडांत दिलेला वृत्तांत, ज्याच्या पहिल्या खंडात आर्थर मेस सहलेखक होते, अजूनही रोमांचक आहे. मात्र त्यात वस्तूंचे वर्णन जितके विश्वसनीय तितका इतिहास नाही. निकोलस रीव्ह्ज यांचे ‘द कम्प्लीट तुतनखामुन’ (१९९०) अधिक उपयोगी. कार्टर यांच्या नोंदी आणि छायाचित्रे ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने महाजालावर सर्वांसाठी खुली केली आहेत, आणि ही विनामूल्य मिळणारी गोष्ट मात्र अवश्य पाहावी. शापाविषयी एवढेच पुरे की थडग्यात वर्षानुवर्षे वावरलेले कार्टर १९३९ पर्यंत जगले. जुन्या पुस्तकांत या वस्तू तहरीर चौकातील संग्रहालयात आहेत असे लिहिलेले असेल. त्या आता गिझा येथील नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहेत, तर राजांच्या ममी एप्रिल २०२१ मध्ये मिरवणुकीने कैरोतील दुसऱ्या संग्रहालयात नेण्यात आल्या.

मुलांसाठी डेव्हिड मॅकॉले यांचे ‘पिरॅमिड’ (१९७५) हे रेखाचित्रांचे पुस्तक मोठ्यांनीही चाळावे. दगडावर दगड कसा चढला असेल हे त्यातील चित्रे शब्दांवाचून समजावतात.

बहुतेक परिचयग्रंथांत एक उणीव राहते. इजिप्तचा शोध १७९९ मध्ये रोझेटा शिळा सापडल्यावर युरोपने लावला आणि १८२२ मध्ये शाँपोलियनने लिपी उलगडली, अशीच कथा त्यांत असते. मधल्या शतकांत अरबी लेखकांनी या अवशेषांचे वर्णन केले, लिपीविषयी तर्क लढवले, हे ओकाशा अल-दाली यांनी ‘इजिप्टॉलॉजी : द मिसिंग मिलेनियम’ (२००५) मध्ये दाखवून दिले. परिचयासाठी ते जड आहे, पण दुसऱ्या वर्षी वाचण्यासारखे आहे. भारताशी असलेला संबंध शोधणाराही निराश होतो, कारण ही पुस्तके क्लिओपात्रापाशी थांबतात आणि कल्याण, सोपारा, चौल या बंदरांशी इजिप्तचा भरभराटीचा व्यापार त्यानंतर रोमन अमलात झाला. त्यासाठी ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेचे लायोनेल कॅसन यांनी १९८९ मध्ये केलेले भाषांतर वेगळे वाचावे लागते.

मराठीत या विषयाला वाहिलेले साहित्य थोडे आहे. मराठी विश्वकोशातील नोंदी नेटक्या असून महाजालावर उपलब्ध आहेत, पण त्या मूळ १९७० च्या दशकातील असल्याने वर सांगितलेले शोध त्यांत असणार नाहीत. मीना प्रभु यांचे ‘इजिप्तायन’ हे प्रवासवर्णन आजचा देश आणि कालचे अवशेष एकत्र दाखवते. प्रवासाला निघणाऱ्याने ते आधी वाचावे. वडोदऱ्याच्या संग्रहालयात सयाजीराव गायकवाडांनी आणलेली ममी आहे, हैदराबादच्या राज्य संग्रहालयात सातव्या निजामाने दिलेली. या शहरांतील वाचकाने इक्रम आणि एडन डॉडसन यांच्या ‘द ममी इन एन्शंट इजिप्त’ (१९९८) या पुस्तकातील पट्ट्या गुंडाळण्याच्या पद्धती आणि शवपेट्यांविषयीची प्रकरणे वाचून मग तेथे जावे. कोणत्या काळातील पट्ट्या कशा गुंडाळलेल्या असत, त्यांवर घातलेल्या आवरणावर कोणत्या देवता रंगवीत, हे ठाऊक असले म्हणजे काचेच्या पेटीपुढे दोन मिनिटांऐवजी अर्धा तास जातो.